वाळे घालणारे ताम्हणेकाका

अमेरिकेतल्या शॉमबर्गच्या आमच्या मराठी मंडळात माधव ताम्हणे या माणसाला कुणी सरळ नावानं हाक मारत नसे. "या जेलरसाहेब," म्हणायचे. गणपतीत ताटं हातात घेऊन सगळे रांगेत उभे असले की कुणीतरी हमखास विचारायचं, "काय काका, आज किती जणांना बेड्या?" काका मोदकावर तूप घेत शांतपणे सांगायचे, "बेडी नव्हे, वाळा." आणि वाढणाऱ्या मुलीला म्हणायचे, "अजून वाढ गं. तूप मंडळाचं आहे, तुझ्या बापाचं नाही."

काका काउंटीच्या पाणीखात्यातून निवृत्त झालेले सिव्हिल इंजिनियर. वसंतात पक्षी उत्तरेला जातात आणि शरदात परत दक्षिणेला उतरतात. त्या दोन्ही हंगामांत गावाबाहेरच्या राखीव जंगलात ते केसासारख्या बारीक धाग्याची जाळी बांधत. जाळीत अडकलेला पक्षी सोडवायचा, नंबर कोरलेला अ‍ॅल्युमिनियमचा वाळा चिमट्यानं त्याच्या पायात बसवायचा, वजनमाप करायचं आणि उडवून द्यायचं. पुढे तो पक्षी कुणाला कुठेही सापडला, तर नंबरावरून कळतं की हा कुठून निघाला, कुठे पोचला, किती जगला. यासाठी सरकारी परवाना लागतो, तो त्यांच्याकडे होता. पैसे एकही मिळत नसत. मंडळातल्या लोकांना हेच समजत नसे.

मी २००१ साली त्यांच्या शेजारच्या टाउनहाउसमध्ये राहायला आलो आणि आल्या आल्या कंपनीनं मला बेंचवर, म्हणजे कामाशिवाय, बसवलं. माझे वडील कारंज्याला सायकलदुरुस्तीचं दुकान चालवत. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला, आणि हे मी कुणालाही सांगतो, विचारलं नसलं तरी. ऐकल्यावर लोक "अरे वा" म्हणतात आणि दुसरा विषय काढतात. काकांनी विचारलं, "पंक्चर काढता येतं का?"

"येतं की."

"मग उद्या पहाटे चल. जाळ्यांना भोकं पडलीत, माझ्याच्यानं बारीक गाठ बसत नाही. मोकळा आहेस ना? मोकळाच असशील."

असं तोंडावर बोलणारा माणूस मला परवडतो. मी गेलो, आणि पुढे नोकरी नीट लागल्यावरही शनिवार-रविवारी जात राहिलो. पण मी पक्ष्यांचा माणूस नव्हे, तेव्हाही नव्हतो. खांब धरायचे, जाळी शिवायची, थर्मासमधला चहा ओतायचा, एवढंच माझं काम. पक्ष्याला मी कधी हात लावला नाही. परवान्याशिवाय लावता येतही नाही.

पण बघितलं भरपूर. जाळीत गुरफटलेला पक्षी म्हणजे सुताचा गुंता आणि त्यात धडधडणारा जीव. काका त्याच्यासमोर उभे राहिले की त्यांचं तोंड बंद व्हायचं, एरवी ते कधी बंद नसायचं. आधी पाय सोडवायचे, मग पंख, शेवटी डोकं. मग पक्ष्याची मान तर्जनी आणि मधल्या बोटाच्या बेचक्यात, आणि बाकीची मूठ सैल. "आवळायचं नाही," ते मला सांगत. "श्वासाला त्याची छाती हलावी लागते. छाती दाबली की संपलं. आपल्याला वाटतं आपण त्याला नुसतं धरलंय." फोटोच्या रोलच्या रिकाम्या डबीत डोकं खाली करून ते पक्ष्याला तोलत, आणि तो पठ्ठ्या गपगुमान उलटा बसून राही. पोटावर फुंकर मारली की पिसं बाजूला होऊन कातडीखालची पिवळी चरबी दिसते. ती बघून काका म्हणत, "हा बघ, डबा भरून निघालाय, मेक्सिकोपर्यंत चिंता नाही." किंवा, "हा उपाशीच निघालाय येडा. ह्याचं काही खरं नाही." हे ते पक्ष्याला ऐकू जाणार नाही अशा बेतानं हळू म्हणत.

त्या सप्टेंबरात विमानं मनोऱ्यांवर आदळली, त्यानंतरचे दिवस वाईट होते. पहाटे अंधुक उजेडात दोन काळेसावळे पुरुष झाडीत खांब रोवताहेत, कापडी पिशव्या लटकवताहेत, हातात चिमटे आहेत, हे कुणीतरी पाहिलं आणि पोलिसांना कळवलं. दोन गाड्या आल्या. आम्हाला हात वर करायला सांगितलं. काका म्हणाले, "माझ्या हातात पक्षी आहे, वर केला तर उडेल, आणि अजून त्याचं माप घेतलेलं नाही." मला वाटलं, संपलं आता. माझा व्हिसा, नोकरी, सगळं डोळ्यांसमोरून गेलं. काका मात्र एक हात वर, दुसऱ्यात पक्षी, असे उभे राहून त्या तरुण पोलिसाला परवाना कुठल्या खिशात आहे ते सांगत होते. हात खाली घ्यायला त्यांना तेव्हाही कुणी सांगितलं नव्हतं.

तेवढ्यात रूथ आली. लायब्ररीतून निवृत्त झालेली, उंच, हाडकुळी, गळ्यात दुर्बीण. दर रविवारी लोकांना घेऊन जंगलात फिरायची आणि पक्षी दाखवायची. तिनं गाड्या पाहिल्या, आम्हाला पाहिलं आणि पोलिसाला म्हणाली, "ऑफिसर, मी याला वीस वर्षं ओळखते. हा माणूस धोकादायक आहे, पण फक्त पक्ष्यांना."

आम्ही सुटलो. परत येताना काका गाडीत म्हणाले, "बघितलंस? सोडवताना पण टोचून गेली."

रूथला वाळे अजिबात मान्य नव्हते. तिचं म्हणणं साधं होतं: बघा, ऐका, लांब राहा. हात लावायचा हक्क तुम्हाला कुणी दिला? पक्ष्यानं तर दिलेला नाही. जंगलातल्या लाकडी बाकावर दोघं बसत आणि भांडत. ती तिच्या डब्यातलं सँडविच काढी, काका त्यांच्या बायकोनं, सुधाकाकूंनी दिलेले थालीपिठाचे तुकडे. भांडता भांडता डबे अदलाबदल होत.

"मॅडी, मी माझ्या सगळ्या शेजाऱ्यांना ओळखते," रूथ म्हणायची, माधवचं तिनं मॅडी करून टाकलं होतं. "एकाच्याही पायात काही न घालता."

"तुझ्या शेजाऱ्यांना नावं आहेत."

"पक्ष्यांनाही आहेत. त्यांनी तुला सांगितली नाहीत, एवढंच."

ही थट्टा होती तोवर ठीक होतं. एका मे महिन्यात ती थट्टा राहिली नाही.

जंगलाच्या पार्किंगजवळ एक झुडूप होतं. त्यात दर उन्हाळ्यात एक कॅटबर्ड यायचा. राखाडी अंगाचा, डोक्यावर काळी टोपी, आणि आवाज थेट मांजराचा. रूथनं त्याचं नाव हेन्री ठेवलं होतं. किती वर्षं तो येत होता याचा ती हिशेब ठेवत नसे, पण नवरा गेला त्याच्या पुढच्या मे महिन्यात तिला तो पहिल्यांदा दिसला, हे तिनंच सांगितलं होतं. एका हंगामात तो काकांच्या जाळीत आला आणि काकांनी त्याला वाळा घातला. रूथ चिडली, पण चालवून घेतलं. पुढच्या मे महिन्यात त्याच झुडपात म्यांव म्यांव सुरू झालं. रूथ पार्किंगमध्ये उभी राहून हसत होती. "आला," म्हणाली. "मेक्सिकोचं आखात ओलांडून आला माझा हेन्री."

काकांनी तिची दुर्बीण मागून घेतली आणि बराच वेळ पक्ष्याच्या पायांकडे पाहिलं. मग म्हणाले, "रूथ, हा हेन्री नाही. पायात काही नाही."

"गळून पडला असेल."

"गळत नाही. मी बसवलेला गळत नाही."

"मग हेन्री कुठे आहे?"

रूथनं दुर्बीण परत घेतली, गळ्यात घातली आणि म्हणाली, "तू मला काय दिलंस माहीत आहे? माझ्याकडे एक जिवंत पक्षी होता. तू तो मेलेला करून दिलास." अख्खा उन्हाळा ती त्यांच्याशी बोलली नाही.

मला हे पटलं नव्हतं आणि मी काकांना तसं सांगितलंही. म्हटलं, "गप्प बसला असतात तर काय बिघडलं असतं? एक म्हातारी खूश राहिली असती."

काका जाळी गुंडाळत होते. म्हणाले, "बिघडलं असतं ना. तो पहिला कुठे समुद्रावर पडला कुणास ठाऊक. मी गप्प बसलो असतो, तर त्याच्यासाठी कुणाला वाईटसुद्धा वाटलं नसतं."

मी खांब उपटायला लागलो.

त्याच, २००२च्या उन्हाळ्यात आमच्या भागात डासांतून आलेल्या एका रोगानं कावळे मेले. लॉनवर, फुटपाथवर, मॉलच्या पार्किंगमध्ये मेलेले कावळे. काका ते उचलून पिशवीत घालत आणि तपासणीसाठी नेऊन देत. तोवर ते सुधाकाकूंच्या फ्रीजरमध्ये खवलेल्या खोबऱ्याशेजारी राहत. काकूंनी आयुष्यात बरंच सोसलं, त्यात हे एक. मग पितृपक्ष आला. काकांच्या वडिलांची तिथी. काकूंनी डेकवर पान ठेवलं आणि आत येऊन उभ्या राहिल्या. कावळा येणार कुठून? दुपार झाली. शेवटी काकांनी रूथला फोन केला. अबोला होता, तरी केला. "एक कावळा पाहिजे," म्हणाले. "का ते विचारू नकोस." रूथनं विचारलं नाही. ती आली, काकू मांडीवर पान घेऊन मागे बसल्या, आणि मी ड्राइव्ह केलं. कचरा टाकायच्या मैदानापाशी रूथला एक कावळा दिसला. काकूंनी पान गवतावर ठेवलं. तो खांबावरून खाली उतरला, पानाभोवती फिरला, आणि न शिवता उडून गेला.

"अण्णांची काहीतरी इच्छा राहिली असणार," काकू म्हणाल्या.

"त्यांची कुठली राहिली होती?" काका म्हणाले. "मी परत यावं, एवढीच."

रूथला उतरवलं तेव्हा तिनं काकूंचा हात धरला होता. अबोला तिथे संपला.

मधुमेह काकांना जुनाच होता. २००५-०६च्या सुमाराला त्यांच्या बोटांची टोकं बधिर व्हायला लागली. काकूंनी मला सांगितलं, चहाचं गरम पातेलं उघड्या हातानं उतरवतात आणि म्हणतात, भाजलं नाही. शर्टाचं वरचं बटण काकू लावून द्यायला लागल्या. काका म्हणत, "थंडीनं होतं." मेमध्येही म्हणत. चिमटा हातातून पडला की इकडेतिकडे बघत. मी चिमटा उचलून द्यायचो. काही बोलायचो नाही. बोलून ते ऐकणारे नव्हते, आणि मी काही डॉक्टर नव्हे.

२००६च्या ऑक्टोबरात रूथचा रविवारचा घोळका जाळीपाशी आला. लोकांनी पक्षी जवळून पाहावेत असं काकांना वाटे, आणि रूथ नाखुशीनं लोकांना थोडा वेळ तिथे थांबू देई. काकांच्या हातात किंगलेट होता. अंगठ्याएवढा जीव, डोक्यावर लपलेली लाल रेघ. काका ती रेघ दाखवत होते, हा कॅनडातून आला, एवढासा असून थंडीत कसा तगतो, सगळं सांगत होते. लोक वाकून बघत होते. मी काकांच्या मागे होतो, मला काही दिसलं नाही. रूथ समोर होती. ती म्हणाली, "मॅडी, हात सोड."

काकांनी मूठ उघडली. पक्षी तळहातावर तसाच पडून राहिला. डोळे मिटलेले.

एका बाईनं विचारलं, "झोपला का?"

"नाही," काका म्हणाले. "मेला. मी दाबला. मला कळलं नाही मी दाबतोय ते."

रूथ लोकांना घेऊन पुढे गेली. काकांनी त्या दिवशी मला सगळी जाळी बंद करायला लावली. पक्षी यायची वेळ होती, तरी. घोळका पांगल्यावर रूथ परत आली आणि बाकावर त्यांच्या शेजारी बसली. डबे कुणी उघडले नाहीत.

"तू तक्रार कर," काका म्हणाले. "माझ्याविरुद्ध. तुझं ऐकतील."

"नाही करणार."

"वीस-पंचवीस वर्षं तुला ही जाळी जायला हवी होती."

"हवी होती. अजूनही हवी आहे. पण तुझं तू सांग."

काका हात मांडीवर ठेवून बसले होते. ती त्या हातांकडे बघत म्हणाली, "मला वसंतापासून दिसत होतं. तुला पिशवीची दोरी सुटत नव्हती."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तू म्हणाला असतास, रूथला जाळी काढायचीच होती."

"म्हणालो असतो," काका म्हणाले.

परवाना परत करताना कारण लिहावं लागतं. काकू म्हणाल्या, "वयामुळे असं लिहा ना. खोटं थोडंच आहे ते?" काकांनी खरं ते लिहिलं: बोटांची जाणीव गेली आहे, हातात पक्षी मेला. टायपिंग मी केलं. शब्द त्यांचे. जाळी दुसऱ्या राज्यातल्या एका कॉलेजला गेली, आणि ते काम हातात घेणारं आमच्या इकडे कुणी मिळालं नाही. मंडळात कुणाला यातलं काही माहीत नव्हतं. पुढच्या वर्षी गणपतीत कुणीतरी सवयीनं विचारलं, "काय जेलरसाहेब, किती कैदी?" काका म्हणाले, "सगळे सुटले." लोक हसले.

नंतरचा हिवाळा वाईट गेला. त्या घरात तो माणूस मावत नव्हता. मी गेलो की टीव्हीसमोर बसलेले असत, आवाज बंद करून. काकू स्वेटरची बटणं लावून देत आणि ते मान वर करून लहान पोरासारखे उभे राहत. माझ्याशी बोलत, पण माझ्या नोकरीबद्दल. त्यांना माझ्या नोकरीत कधीच रस नव्हता.

रूथ फोन करायची. "रविवारी ये."

"मी बघ्या नव्हे," काका म्हणायचे.

"मग आता दुसरं काय करणार आहेस?"

हे किती महिने चाललं ते मला आठवत नाही. २००८च्या मेमध्ये मला सांता क्लाराची नोकरी मिळाली. निघण्याच्या आदल्या रविवारी काका स्वतःच म्हणाले, "चल, तुला जाताजाता जंगल दाखवतो." मी सात वर्षं ते जंगल बघत होतो, पण म्हटलं चला.

तिथे गेल्यावर मला एक गोष्ट पहिल्यांदा कळली आणि ती बघवली नाही. काकांना झाडावरचा पक्षी ओळखता येत नव्हता. आयुष्यभर त्यांनी पक्षी पाहिला तो हातात: पंखाचं एकेक पीस, चोचीच्या कोपऱ्यातली कातडी, डोळ्याचा रंग. ओकच्या शेंड्यावर, मागून ऊन येतंय, पानाआडून पानाआड काहीतरी हलतंय, हा त्यांच्या लेखी वेगळाच प्राणी होता. घोळक्यातली एक कॉलेजातली मुलगी नुसत्या आवाजावरून धडाधड नावं सांगत होती. काका तिच्याकडे बघत होते. मग रूथनं दिलेली जुनी दुर्बीण त्यांनी डोळ्यांना लावली.

"मॅडी, वर," रूथ हळूच म्हणाली. "मोठी फांदी, घड्याळाच्या दोनच्या काट्यावर. ब्लॅकबर्नियन. गळ्यावर नारिंगी."

सगळ्यांनी पाहिला. मीही पाहिला, उघड्या डोळ्यांनी. फांदीवर निखारा ठेवावा तसा गळा. मग तो उडाला आणि सगळ्यांनी दुर्बिणी खाली घेतल्या. काकांनी घेतली नाही.

"मिळाला?" रूथनं विचारलं.

फांदी रिकामी होती. काका म्हणाले, "हो. सुंदर आहे."

रूथनं त्या फांदीकडे पाहिलं, मग काकांकडे. म्हणाली, "आहेच." आणि लोकांना घेऊन पुढे निघाली. मीही त्यांच्याबरोबर चालायला लागलो, म्हटलं काका येतील मागोमाग. वळणावर मी मागे पाहिलं. ते तिथेच उभे होते, दुर्बीण डोळ्यांना तशीच. फोकसच्या चाकावर त्यांचं बोट होतं. बोट चाकावरून पुन्हा पुन्हा पुढेमागे जात होतं. चाक फिरत नव्हतं.